एकाच हाताचा आजार

बाहेर लख्ख सकाळ होती, पण सभागृहाच्या खिडक्यांना काळे पडदे ठोकलेले होते आणि आत चारशे माणसं अंधारात श्वास रोखून बसली होती. व्यासपीठावर एक बेकरीवाले गृहस्थ दोन्ही तळवे पुढे करून उभे होते. तरंगाचार्यांनी जांभळा दिवा त्यांच्या हातांवर धरला. तळवे निळेपांढरे पेटले. बोटं, नखं, मनगटापर्यंतची कातडी, सगळं चमकायला लागलं.

"आई गं!" मागून कुणीतरी म्हणालं.

"घाबरू नका," तरंगाचार्य म्हणाले. त्यांचा आवाज तुपात घोळवल्यासारखा होता. "ही आजाराची छाया. तुमच्या पेशीपेशीत इलेक्ट्रॉन नाचतायत, पण ताल चुकलाय. डॉक्टर नाडी बघतो, रक्त बघतो. इलेक्ट्रॉन बघतो का? मग बरं कुणाला करणार, रिपोर्टला?"

सभागृह हसलं. मग त्यांनी बेकरीवाल्यांचे हात 'गुंतलेल्या पाण्या'च्या काचपात्रात बुडवले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले, काळ्या खरखरीत कापडाने तळवे खसाखसा पुसले आणि पुन्हा दिवा धरला. तळवे विझलेले. चमक नावालाही नाही.

"खांदा कसा आहे?"

"हलका... हलका वाटतोय," बेकरीवाले म्हणाले, आणि टाळ्यांनी छप्पर दणाणलं.

सहाव्या रांगेत बिट्टी मात्र खुर्चीच्या कडेवर बसून एकसारखा पाय हलवत होती. उंची आईच्या वर गेली तरी घरात तिला बिट्टीच म्हणत. क्वांटम विज्ञान आणि तंत्रज्ञान या विषयात ती एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. दिवसभर प्रयोगशाळेत जांभळ्या लेझरपुढे बसायचं, एका स्फटिकातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशकणांच्या जोड्या पकडायच्या आणि आरशांचे स्क्रू केसभर फिरवत राहायचं, हे तिचं काम. चार-चार आठवडे घासल्यावर कुठे एक धड आलेख मिळायचा. आणि इथे हा माणूस दोन मिनिटांत चारशे जणांचे इलेक्ट्रॉन ताळ्यावर आणत होता!

पण तिची तगमग निराळीच होती. शेजारी बसलेल्या तिच्या आईने नऊ दिवसांपासून फिटच्या गोळ्या बंद केल्या होत्या.

आई शाळेत शिवणकाम शिकवायची. सगळे तिला शिवणबाईच म्हणत. बिट्टी लहान असताना आईला फिट यायची. गोळ्या नीट लागू पडल्या आणि गेल्या अकरा वर्षांत एकदाही त्रास झाला नाही. नऊ दिवसांपूर्वी शेजारच्या काकू तिला या शिबिराला घेऊन आल्या, तरंगाचार्यांनी हात तपासले, आणि गोळ्यांची पाकिटं कपाटात गेली. कालच घरी आलेल्या बिट्टीला हे कळलं तेव्हा ती जवळजवळ ओरडलीच होती.

"असं काय करतेस, आई? या गोळ्या अशा मनाने सोडायच्या नसतात!"

"ओरडू नकोस. तूच सांगितलं होतंस ना मला फोनवर? दोन कण गुंतलेले असतात, कितीही लांब नेले तरी एकाचं दुसऱ्याला कळतं म्हणून? हे तेच सांगतात. मला पहिल्यांदाच तुझ्या अभ्यासातलं काहीतरी समजलं."

हे बिट्टीनेच सांगितलं होतं. एका संध्याकाळी, मेसच्या पायरीवर बसून, आईला गंमत वाटावी म्हणून.

आणि आज सकाळी चहा ओतताना आईचा हात एकदम झटकला. कप फरशीवर फुटला. "ओला होता, निसटला," आई म्हणाली. पण बिट्टीने पाहिलं होतं. शेवटी मायलेकींचा तह झाला: बिट्टीने एकदा शिबिराला यायचं, आणि शिबिर संपलं की आईने डॉक्टरीणबाईंशी बोलायचं.

आत येताना दाराशी शुद्धिजलाचं पिंप होतं. सेवेकरी प्रत्येकाच्या हातांवर ओघळ सोडत आणि बजावत, "पुसायचं नाही. आपोआप वाळू द्या." बिट्टी डाव्या हातात फोन धरून दवाखान्याचा नंबर लावत होती. त्यामुळे तिचा उजवाच हात भिजला. आणखी एक नियम फलकावर होता: पांढरे कपडे घालू नयेत, पांढरा रंग ऊर्जा परतवतो.

आता सेवेकरी जांभळा दिवा घेऊन रांगेरांगेतून फिरायला लागला. दिवा बिट्टीपर्यंत आला. उजवा तळवा चमकला. डावा काळाच राहिला.

सेवेकरी जरा गडबडला. "तुमचा आजार... उजव्या बाजूला आहे."

"बघ!" आई काळजीने म्हणाली. "सारखी त्या यंत्रांपुढे बसतेस."

बिट्टी बघतच होती, पण हाताकडे नाही. दिवा पुढे सरकला तेव्हा समोरच्या आजोबांच्या खिशातून डोकावणाऱ्या रुमालाचं टोक निळंपांढरं पेटलं होतं. धुतलेला, इस्त्री केलेला, साधा पांढरा रुमाल. रुमालाला कसला आलाय आजार?

आणि तिला प्रयोगशाळेतला पहिला आठवडा आठवला. ती पांढरा सदरा घालून गेली होती. जांभळ्या लेझरचा कवडसा बाहीवर पडला आणि बाही अशीच पेटली. सर हसून म्हणाले होते, "तुमची धुण्याची पावडर चांगली आहे." कपडे शुभ्र दिसावेत म्हणून पावडरीत एक पदार्थ घालतात. डोळ्यांना जेमतेम दिसणारा जांभळा प्रकाश तो शोषतो आणि निळा करून परत टाकतो. म्हणून तर इथे पांढरे कपडे नकोत!

ती उठली. "जरा पाणी पिऊन येते," असं आईला सांगून बाहेर आली. पिंपाजवळ कुणी नव्हतं. तिने आपल्या रिकाम्या बाटलीत थोडं शुद्धिजल घेतलं आणि वास घेतला. गुलाबाचं अत्तर, आणि त्याखाली धुण्याच्या पावडरीचा ओळखीचा वास. पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे, हे दोन वर्षांत अंगी मुरलं होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं.

ती परत आत आली तेव्हा शेजारच्या काकूंनी तिच्या शिक्षणाची बातमी व्यासपीठापर्यंत पोचवली होती. तरंगाचार्य हात पसरून म्हणत होते, "आज आपल्यात क्वांटमच्या विदुषी आल्यात! शिवणबाईंची लेक! या, बेटा. सांगा सगळ्यांना, निरीक्षकाने पाहिलं की वास्तव बदलतं की नाही?"

टाळ्या पडल्या. आईचा चेहरा अभिमानाने फुलला. तो बघून बिट्टी जागीच थांबली. दोन शब्द बोलून खाली बसावं, घरी जाऊन शांतपणे समजवावं, असं क्षणभर वाटलं. मग फुटलेला कप डोळ्यांपुढे आला.

ती वर गेली. "सांगते. पण क्वांटममध्ये आधी प्रयोग करतात, मग भाषण. तुमची खुर्ची वापरू का?"

"अवश्य," तरंगाचार्य प्रसन्नपणे म्हणाले.

तिने काळ्या खुर्चीच्या उजव्या हातावर बाटलीतलं शुद्धिजल शिंपडलं, डाव्या हातावर टेबलावरच्या तांब्यातलं साधं पाणी. "आता दिवा."

सेवेकऱ्याने तरंगाचार्यांकडे पाहिलं. बिट्टीने दिवा त्याच्या हातातून अलगद काढून घेतला आणि खुर्चीवर धरला. उजवा हात निळापांढरा चमकत होता. डावा काळाकुट्ट.

"या खुर्चीला काय झालंय, महाराज? संधिवात?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

तरंगाचार्य मुरलेले होते. "या आसनावर हजारो रोगी बसून गेले. त्यांची छाया त्यात उतरली आहे."

"सगळे उजवीकडेच टेकून बसले?"

आता हशा मोठा झाला. बिट्टी थांबली नाही. "ज्यांना डॉक्टरांनी आजार आहे असं सांगितलंय त्यांच्यापैकी कुणीतरी बाहेरच्या नळावर साबणाने चोळून हात धुऊन येईल का? फक्त साबण आणि पाणी. मंत्र नको."

एक निवृत्त बसचालक उठले. "माझी साखर तीनशेच्या खाली येत नाही. मी जातो." ते गेले, धुऊन आले, तळवे पुढे केले. दिव्याखाली दोन्ही हात काळेच. बसचालक आपल्याच हातांकडे टकमका बघत राहिले. "म्हणजे साबणाने माझी साखर गेली?"

"साखर आहे तिथेच आहे, काका. औषध सोडू नका. गेली ती फक्त चमक. दारात तुमच्या हाताला लावली आणि इथे पुसून काढली. कपडे पांढरे दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जे असतं, तेच या पाण्यात आहे. माझा डावा हात भिजला नव्हता, तो चमकला नाही. समोरच्या आजोबांच्या रुमालावर दिवा धरून बघा, तोही चमकेल."

"वास्तव श्रद्धावानालाच दिसतं!" तरंगाचार्यांचा तुपाळ आवाज आता चिरकला. "ही पोरगी पुस्तकी..."

"मग पडदे उघडा की," बसचालक म्हणाले आणि स्वतःच जाऊन एक पडदा ओढला. भरपूर ऊन आत आलं. सेवेकऱ्यांनी मोठ्याने संगीत लावलं. आचार्यांची ध्यानाची वेळ झाली होती म्हणे, ते मागच्या दाराने गेले. काही माणसं चिडून बिट्टीवर ओरडली. बेकरीवाले खांदा गोल फिरवून बघत होते आणि मधेच कळवळत होते.

आई बाहेर पायऱ्यांवर बसली होती. बिट्टी शेजारी टेकली.

"चारशे माणसांत मला खुळी ठरवलंस," आई म्हणाली.

"तुला नाही, आई. आणि माझंही चुकलं. मी तुला अर्धंच सांगितलं होतं."

"मग पुरं सांग आता."

"दोन गुंतलेल्या कणांचं मोजमाप केलं की उत्तरं जुळतात. पण ती जुळली हे कधी कळतं? दोन्हीकडचे कागद शेजारी ठेवून बघितले की. त्यातून निरोप जात नाही, ताकद जात नाही, आणि कुणी बरं होत नाही. हे शोधायला आम्हाला खोली गार ठेवावी लागते, धूळसुद्धा चालत नाही. माणसाच्या तळव्यावर दिवा धरून ते दिसलं असतं तर मी दोन वर्षं कशाला घासली असती?"

आईने हात पुढे केला. "फोन दे."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. आत्ता किती गोळी घ्यायची ते त्यांनी सांगितलं, मनाने दुप्पट घेऊ नका म्हणून बजावलं, चार वाजता दवाखान्यात बोलावलं आणि तोवर एकटं राहू नका म्हणाल्या. बिट्टीने पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढलं. सकाळीच ते तिने कपाटातून उचलून आणलं होतं. आईने पाण्याबरोबर गोळी घेतली.

दुपारच्या तुकडीची माणसं फाटकातून यायला लागली होती. काठी टेकत येणारी, फायली छातीशी धरलेली. सेवेकरी जणू काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा पिंपाशी उभे राहिले.

"चल आई, घरी जाऊ."

"थांब जरा." शिवणबाई उठल्या, पदर खोचला आणि थेट पिंपाशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. पन्नास मुलींचा वर्ग गप्प करणारा आवाज त्यांनी काढला.

"आत जायचं तर खुशाल जा. मीही आले होते, फसले. फक्त एवढं करा: हे पाणी एकाच हाताला लावा, दुसरा कोरडा ठेवा. मग आतल्या माणसाला विचारा, माझा आजार अर्ध्याच अंगात कसा? त्याला नीट उत्तर देता आलं नाही, तर आपल्या गोळ्या सोडू नका. विचारायला लाजू नका. मी लाजले, नऊ दिवस."