हात आहे ना?

मास्तरांनी चाळीस वर्षांत किती मुलांना पोहायला शिकवलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. रस्त्यात एखादा मिशाळ गृहस्थ थांबून "मास्तर, ओळखलंत का?" म्हणाला, की ते त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचे आणि म्हणायचे, "तोंडावरून नाही बाबा ओळखलं. पाण्यात आडवा झालास तर सांगतो."

त्यांची शिकवायची रीत ठरलेली होती. तरण तलावाच्या उथळ बाजूला मुलाला पाठीवर आडवं करायचं, पाठीखाली आपला तळवा धरायचा आणि सारखं म्हणत राहायचं, "हात आहे हं, हात आहे." मुलाचं अंग सैल पडलं की हात हळूच काढून घ्यायचा, आणि तोंडाने मात्र "हात आहे" चालूच ठेवायचं. मूल निवांत तरंगत राहायचं. मग दोन्ही हात वर करून टाळी वाजवायची. "बघ, हात कुठंय!" मुलाला आधी विश्वास बसायचा नाही, मग ते आनंदाने किंचाळायचं. या टाळीसाठीच मास्तर इतकी वर्षं पाण्यात उभे राहिले, असं म्हटलं तरी चालेल.

सुट्टीत त्यांची नात दोन महिन्यांसाठी राहायला आली. तिच्या आईला कामासाठी दुसऱ्या शहरात राहावं लागणार होतं. नात आठ वर्षांची. घरभर गरगर फिरायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. भिंगरीचं आणि आजोबांचं गूळपीठ जुनं. ते म्हणतील ती पूर्व दिशा. त्यामुळे पाण्यात उतरायला ती एका शब्दात तयार झाली.

पाचव्या दिवशी ती पाठीवर आडवी झाली. अंग कसं पिसासारखं हलकं. मास्तरांनी हात काढला, दोन पावलं मागे सरकले आणि काठावरच्या शिट्टीवाल्या बाईकडे बघून दोन्ही हात उंचावले, म्हणजे 'बघा आमची नात!' ही बाईसुद्धा लहानपणी मास्तरांच्याच हाताखाली शिकलेली आणि आता तलावावर पहारा करणारी.

नेमकं तेव्हाच भिंगरीने विचारलं, "आजोबा, हात आहे ना?"

"आहे की!"

आवाज लांबून आला. भिंगरीने डोळे वळवून पाहिलं, तर आजोबांचे दोन्ही हात हवेत.

ती लगेच बुडाली. पाणी तिच्या छातीइतकंच होतं आणि मास्तरांनी तिला क्षणात उचललंही. खोकून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुम्ही खोटं बोललात."

"अगं पण तू तरंगत होतीस! एकटी!"

"पण तुम्ही म्हणालात, हात आहे."

ती शिडीकडे गेली, वर चढली आणि टॉवेल गुंडाळून बाकावर बसली. त्या दिवसापासून पाणी बंद.

पाणी बंद झालं त्याचं मास्तरांना फारसं वाटलं नसतं. पाण्याला घाबरणारी पुष्कळ मुलं त्यांनी पाहिली होती. पण ही पाण्याला घाबरली नव्हती. मास्तर म्हणाले, दूध कोमट आहे, की ती आधी पेल्याला बोट लावून बघायची. मास्तर म्हणाले, आईचा फोन सहाला येईल, की ती स्वयंपाकघरात जाऊन हळूच विचारायची, "आजी, सहाला ना?" एकदा ते सहज बोलून गेले, "आज मंगळवार." तर ही कॅलेंडरपाशी जाऊन उभी.

"मंगळवारच आहे," ती परत येऊन म्हणाली. मास्तरांना हसावं की रडावं कळेना.

त्यांनी तिला निळा चष्मा आणला, पोहायचा. तिने "छान आहे" म्हणून तो खिडकीत ठेवून दिला. त्यांनी शपथ घेतली, की पुन्हा असं करणार नाही.

"हे पण तसंच म्हणताय," भिंगरी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मास्तरांना तेच जास्त लागलं.

रात्री ते बायकोजवळ कुरकुरले. "दोन आठवडे झाले गं. एवढ्याशा गोष्टीचं किती दिवस धरून बसायचं?"

"पी हळद अन् हो गोरी, असं असतं होय?" आजी म्हणाली. "दुधानं तोंड पोळलंय तिचं. ताक फुंकणारच."

"पण माझी रीत चुकीची नाही. शंभरात नव्व्याण्णव मुलं अशीच शिकली."

"मग त्या नव्व्याण्णवांना बोलवा दूध प्यायला."

तिसऱ्या आठवड्यात मास्तरांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ते आधीच ठरलेलं होतं. महिनाभर तलावात उतरणं बंद आणि दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब. ज्या माणसाने आयुष्य पाण्यात काढलं, तो या एका थेंबाला भलताच भ्यायचा. बाटली जवळ आली की डोळा घट्ट मिटायचा आणि औषध गालावर.

दुसऱ्या दिवशी आजीने युक्ती केली. "अहो, वर बघा जरा. लाली कितपत आहे ते नुसतं बघते."

"नुसतं बघतेस ना?"

"नुसतं हो."

मास्तरांनी वर पाहिलं आणि गार थेंब टपकन डोळ्यात पडला. ते असे उसळले, की स्टूल कलंडता कलंडता राहिलं.

"अगं, सांगून टाकायचं की नाही!"

"सांगितलं की मिटता तुम्ही. गेला ना पण आत? मग झालं तर!"

"झालं काय? नुसतं बघते म्हणालीस ना तू!"

बोलता बोलता ते थांबले. जमिनीवर पालथी पडून भिंगरी चित्र रंगवत होती. तिने मान वर केली होती. आजोबांकडे तिने नुसतं पाहिलं आणि पुन्हा रंगवायला लागली.

दुपारी आजी टॉवेल घ्यायला खोलीत आली. तिच्या हातात बाटली नव्हती, काही नव्हतं. तरीही मास्तरांचा डोळा आपसूक मिटला. ज्या बाईबरोबर पंचेचाळीस वर्षं संसार केला, ती नुसती जवळून गेली तर आपण डोळा मिटतो! मास्तर बराच वेळ पलंगाच्या कडेवर बसून राहिले. कान टोचायला सोनारच लागतो म्हणतात. त्यांचा सोनार घरातच निघाला.

मग ते उठले आणि भिंगरीशेजारी गुडघे मुडपून कसेबसे खाली बसले.

"हात नव्हता," ते म्हणाले. "आणि मी म्हणालो, आहे. मी खोटं बोललो."

"हो," भिंगरी म्हणाली.

पुढे 'पण' म्हणायचं मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तू तरंगत होतीस, पण सगळे असंच शिकतात, पण मी तिथेच होतो. त्यांनी ते गिळलं. भिंगरी 'असू दे' म्हणेल म्हणून थोडा वेळ वाट पाहिली. ती म्हणाली नाही. तिने चित्रातल्या घराच्या छपराला लाल रंग दिला, खिडकीला पिवळा. मास्तरांना उठता येईना, तेव्हा मात्र तिने हात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने बाटली उचलली, तर भिंगरी म्हणाली, "मी टाकते."

मास्तर खाली बसले, भिंगरी स्टुलावर चढली. "आजोबा, आता टाकते हं."

"थांब, थांब!"

"थांबले."

आणि ती खरंच थांबली. बाटली धरलेला हात तसाच. मास्तरांनी एकदा डोळा मिटला, उघडला, पुन्हा मिटला. तिचा हात दुखायला लागला, तर तिने दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला.

"अगं, टाक की एकदाचं," आजी दारातून म्हणाली. "ते काय, संध्याकाळपर्यंत थांबवतील."

"त्यांनी अजून सांगितलं नाही."

"टाक," मास्तर म्हणाले, आणि ऐन वेळी डोळा मिटला. थेंब गालावर.

"गेलं वाया!" आजी म्हणाली.

भिंगरीने गाल पुसला. "परत. तुम्ही सांगा, मग मी टाकते."

आठवड्याभराने थेंब पहिल्या फटक्यात आत जायला लागला. मास्तर डोळा उघडा ठेवून तिच्या चेहऱ्याकडे बघत बसायचे. थेंब आताही गारच लागायचा.

डॉक्टरांनी पाण्यात उतरायची परवानगी दिली, तेव्हा भिंगरीच्या सुट्टीचे पाच दिवस उरले होते. मास्तरांनी तिला चल म्हटलं नाही. पिशवी भरली आणि म्हणाले, "मी चाललो. यायचं तर ये, काठावर बस."

पहिल्या दिवशी ती काठावर पाय सोडून बसली. दुसऱ्या दिवशी शिडीच्या शेवटच्या पायरीपर्यंत आली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "हात ठेवायचा. मी सांगेपर्यंत काढायचा नाही."

"नाही काढणार."

ती आडवी झाली. सुरुवातीला काठीसारखी ताठ. मग हळूहळू मान सैल झाली, खांदे सैल झाले आणि मास्तरांच्या तळव्यावरचं तिचं वजन नाहीसं झालं. हे त्यांना सगळ्या जगात सर्वांत चांगलं कळत होतं. आता हाताचं काही काम नव्हतं. आता काढला तर हिला पत्ताही लागणार नाही. चाळीस वर्षांची सवय. बोटं नुसती शिवशिवत होती.

शिट्टीवाली बाई काठावरून म्हणाली, "मास्तर, काढा की हात! कापसासारखी तरंगतेय पोरगी."

"नाही."

"अहो, वाया चाललाय दिवस."

"जाऊ दे. तिनं सांगितलेलं नाही."

भिंगरीचे कान पाण्यात होते. तिला किती ऐकू गेलं कोण जाणे. तिने डोळे मिटले, एवढं मास्तरांनी पाहिलं. त्या दिवशी तिने सांगितलं नाही, चौथ्या दिवशीही नाही. मास्तरांचा खांदा भरून आला. घरी आजीने तेल लावताना विचारलं, "न शिकताच गेली तर?"

"गेली तर गेली," मास्तर म्हणाले. पण त्यांना रुखरुख होतीच. तलावावरच्या मास्तरांची नात, आणि पोहता येत नाही!

शेवटच्या दिवशी दुपारी तिची आई न्यायला येणार होती. सकाळी पाण्यात हातावर पडल्या पडल्या भिंगरीने विचारलं, "आजोबा, नाकात पाणी गेलं की दुखतं?"

हा प्रश्न मास्तरांना हजार मुलांनी विचारला होता, आणि हजार वेळा त्यांनी सांगितलं होतं, "छे! काही होत नाही." तेच आताही जिभेवर आलं.

"दुखतं," ते म्हणाले. "झोंबतं, पार कपाळापर्यंत. डोळ्यांतून पाणी येतं. दोन मिनिटांनी थांबतं."

भिंगरीने वर छताकडे बघत विचार केला. "आणि तुम्ही कुठे असाल?"

"इथेच. हात काढेन, पण पाऊल हलवणार नाही."

"बुडाले तर?"

"बुडशील थोडीशी. मग मी उचलेन."

शिट्टीवाली बाई उठून काठाशी आली होती.

"काढा," भिंगरी म्हणाली.

"काढतोय... काढला."

मास्तरांनी हात तिला दिसेल असा बाजूला धरला. टाळी वाजवली नाही. भिंगरी एकटी पाण्यावर होती. एक श्वास, दुसरा, तिसरा. पाचव्याला तिला हसू आलं, पोट हललं, पाय खाली गेले आणि ती बुडाली. मास्तरांनी तिला उचललं. ती खोकली, शिंकली, नाक चोळचोळ चोळलं. डोळे लालबुंद.

"तुम्ही म्हणालात त्याहून जास्त दुखलं," ती म्हणाली.

"किती जास्त?"

"थोडंसंच."

"बरं. पुढच्या वेळी थोडं जास्त सांगेन."

तिने ओले केस मागे सारले आणि त्यांच्या खांद्याला धरून पुन्हा आडवी व्हायला लागली. "आता परत. पण आधी हात ठेवा, मी सांगेन तेव्हा काढा."

मास्तरांनी तळवा पाण्याखाली नेला, तिच्या पाठीला टेकवला आणि ती सांगायची वाट पाहत उभे राहिले.