कट म्हटल्यानंतर

शाळेतल्या मारहाणीवर कल्पिता सिनेमा करत होती. मुरुडजवळच्या एका गावातली शाळा तिला सुट्टीत मिळाली होती आणि गर्दीसाठी तिथलीच मुलं. नायक वर्गातल्या पोराला मारतो, कारण घरी बाप त्याला मारतो, असं तिनं लिहिलं होतं.

"तुम्ही भोवती उभं राहायचं," एवढंच तिनं मुलांना सांगितलं. मुलांनी दप्तरं भिंतीला लावली आणि खांद्याला खांदा भिडवून गोल केला. क्रांती नावाची मुलगी न सांगताच दाराशी जाऊन उभी राहिली. कल्पिताला मुलांचं कौतुक वाटलं.

नायक झालेल्या स्वराजनं गोलाच्या मध्ये खोटे खोटे गुद्दे मारले. समोरचा मुलगा ठरल्याप्रमाणे पडला.

"कट!"

गोल सुटला नाही. कोणी हसलंही नाही. ती पुन्हा ओरडली, तरी मुलं आतच बघत राहिली. व्हरांड्यावरची नजर न काढता क्रांती हळूच म्हणाली, "मारा अजून. सर न्हाय आले."

कल्पिता खांदे रेटत आत घुसली. स्वराज रडत होता. "मॅडम, हे मला बाहेर सोडत नाहीयेत."

तिनं क्रांतीला गाठलं. "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोणी न्हाय. आमी असंच उभे ऱ्हातो."

"आणि मार कोण खातं?"

"ते ठरलेलं नसतं," क्रांती म्हणाली.

बापाचा प्रसंग दुसऱ्या दिवशी होता. त्या नटाला कल्पितानं येऊ नका म्हणून कळवलं.

"मग कारण काय दाखवायचं?" सहायकानं विचारलं.