बराका हसला होता

बिभीषण पाथर्डीकडचा. हळद असो, साखरपुडा असो की गणपती मंडळाचा कार्यक्रम, हातात माइक घेऊन माणसं हसवायची हा त्याचा धंदा. त्याचे आईवडील ऊसतोडीला जायचे, आणि तो स्वतः एका साखर कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या पाल्याच्या झोपडीत जन्मला होता. रंगानं चांगलाच काळा. या दोन गोष्टींवर त्यानं संसार उभा केला होता. "नाव बिभीषण, पण रंग थोरल्या भावाचा," अशी त्याची सुरुवात असायची. "आमच्या गावाला दिवाळीनंतर येऊ नका, गाव घरी नसतं," हे वाक्य तर ओळखीची माणसं त्याच्या आधीच म्हणून टाकायची.

गेल्या वर्षी देवळाली प्रवराजवळच्या एका शेतकी कॉलेजनं त्याला स्नेहसंमेलनासाठी बोलावलं. कार्यक्रम बघणारे आबासाहेब सर चांगले होते. त्यांनी एवढंच सांगितलं की राजकारणावर आणि देवाधर्मावर काही नको, बाकी मोकळं बोला. मग बिभीषण मोकळं बोलला, आधी नेहमीसारखं स्वतःच्या रंगावर आणि गावावर.

पुढच्या रांगेत एक परदेशी विद्यार्थी बसला होता. उंच, निळा कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर हात ठेवून शिस्तीत बसलेला. त्याचं नाव बराका, टांझानियाचा, एवढं मागच्या मुलांनी ओरडून सांगितलं. बिभीषणला आयतंच सापडलं. तो स्टेजच्या कडेला आला आणि म्हणाला, आज आई इथं पाहिजे होती, तिचं पोरगं आयुष्यात पहिल्यांदा गोरं दिसतंय. मांडव हसला. मग लाइट गेली तर याला शोधायचं कसं, यानं दात घासले नाहीत तर काय होईल, असं एकावर एक येत गेलं. बराकाही हसत होता. एकदा तर त्यानं टाळी वाजवली. बिभीषणनं ते पाहिलं आणि त्याला बरं वाटलं. ज्याच्यावर विनोद केला तोच हसला की निवेदकाला दुसरं काय पाहिजे?

शेवटी मुलांनी बराकाला स्टेजवर ढकललं. त्याचं मराठी ऐकायला सगळ्यांना आवडायचं. मेसवाल्या मावशी आणि शेतावरचे मजूर यांच्याकडून तो बोलायला शिकला होता, त्यामुळे त्याची भाषा थेट बांधावरची होती. त्यानं माइक घेतला, बिभीषणला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "तुमी मला रोज इचारता, आफ्रिकेत लोक झाडावर ऱ्हात्यात का. न्हाई. आमची घरं हायेत, गावं हायेत. पण या दादांचं अख्खं गाव सा महिने ट्रकमध्ये ऱ्हातंय. इलेक्शन आलं की मुकादमाला फोन करून इचारावं लागतं, गाव कुठं हाय?"

दोघंतिघं हसले आणि थांबले. मागून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. ऊसतोड कुटुंबांतली काही मुलं उठून उभी राहिली होती. त्यांच्या पुढं कल्याण नावाचा शेवटच्या वर्षाचा पोरगा होता. बाहेरच्या देशातून येऊन आमच्या आईबापाची चेष्टा करतो, असं तो म्हणाला. बराका अजून हसतच होता, कारण त्याला वाटलं हाही गमतीचाच भाग आहे. आबासाहेबांनी त्याच्या हातातून माइक काढून घेतला आणि राष्ट्रगीत लावलं.

दुसऱ्या दिवशी बराकाचा व्हिडिओ तालुकाभर फिरत होता. बिभीषणच्या विनोदांचाही फिरत होता, पण वेगळ्या ग्रुपवर, हसऱ्या चेहऱ्यांसकट.

दुपारी कल्याण मोटारसायकलवरून बिभीषणच्या घरी आला. पोलिसात तक्रार द्यायची आहे, असं म्हणाला. तुम्ही त्या स्टेजवर होतात, तुमच्याच गावावर तो बोलला, म्हणून तक्रार तुमच्या नावानं गेली पाहिजे. बिभीषणनं त्याला चहा दिला. त्याला स्वतःलाही राग आल्यासारखं वाटत होतं, पण नक्की कुणावर ते कळत नव्हतं. तो म्हणाला, "कल्याण, अरं, हेच तर मी दहा वर्सं बोलतोय."

"तुमी आपले हाय, अण्णा."

"आन् त्याला मी जे बोललो त्ये?"

"तो हसला की," कल्याण म्हणाला. "आमी न्हाई हसलो."

यात काहीतरी चुकत होतं, पण काय ते बिभीषणला सापडेना. कल्याणची आई अजूनही कोयता घेऊन जात होती, त्याचा राग काही खोटा नव्हता. विचार करून सांगतो, असं म्हणून बिभीषणनं त्याला वाटेला लावलं.

त्याची आई लंकाबाई ओसरीवर तांदूळ निवडत सगळं ऐकत होती. तिनं आयुष्यातले कितीतरी हिवाळे उसाच्या फडात काढले होते. ती म्हणाली, काय बोलला तो पोरगा, मला दाव. बिभीषणनं नाइलाजानं मोबाईल तिच्या पुढं धरला. गाव कुठं हाय, हे ऐकलं आणि लंकाबाईला असं हसू फुटलं की सूप हातातून निसटलं. मुकादमाला फोन लावावा लागतो हे अगदी खरं आहे, असं म्हणून तिनं तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला.

बिभीषण बघतच राहिला. त्याच्या कार्यक्रमाला ती दोनतीनदा आली होती आणि दर वेळी पदर तोंडाला लावून बसली होती. ती हसते आहे असंच त्याला वाटायचं. त्यानं विचारलं, "माझ्या बोलन्यावर तू अशी कधी हसली न्हाईस."

"तुला म्हाईत हाय नव्हं सगळं," ती म्हणाली. "थंडीत कोपीत तुला कसं धरून बसायची मी, ते म्हाईत असून तू बोलतोस. त्याला काय म्हाईत हाय?"

म्हणजे परक्यानं बोललेलं चालतं आणि आपल्यानं बोललेलं नाही? कल्याण तर नेमकं उलटं सांगून गेला होता. बिभीषणनं पुढं काही विचारण्याआधी लंकाबाईनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "पर किती काळं पोरगं हाय रं हे. कसं लगीन हुयाचं ह्याचं?" हे ती इतक्या काळजीनं म्हणाली की त्यावर हसावं की तिला गप्प करावं, हेही त्याला कळलं नाही.

दोन दिवसांनी आबासाहेबांचा फोन आला. बराका सगळ्यांसमोर माफी मागेल, तुम्ही ती स्वीकारा, मुलं तक्रार सोडून द्यायला तयार आहेत. बिभीषणनं विचारलं की सर, मी जे बोललो त्याचं काय? आबासाहेब म्हणाले, त्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही, आता नवीन वाढवू नका. ते थकलेले वाटत होते. बिभीषणला त्यांचाही राग येईना.

माफीच्या दिवशी कॉलेजचा हॉल भरला होता. बराका तोच निळा शर्ट घालून आला. या वेळी तो शहरी मराठीत बोलला. कुणीतरी लिहून दिलेलं पाठ केल्यासारखं. माझ्या वक्तव्यामुळे कष्टकरी बांधवांच्या भावना दुखावल्या, मी दिलगीर आहे. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग माइक बिभीषणकडे आला.

रात्रभर त्यानं जुळवलं होतं, पण तोंड उघडल्यावर एवढंच निघालं, "मी बी ह्याला बोललो हुतो. रंगावरनं. त्ये मला..."

हॉल हसायला लागला. त्याला आधी कळेना, मग कळलं. मुलांना वाटलं होतं की कार्यक्रम सुरू झाला. त्यानं हात वर केला, चेहरा गंभीर केला, तसं हसू आणखी वाढलं, कारण विनोदाच्या आधी तो नेहमी असाच हात वर करायचा. "खरंच सांगतोय," तो म्हणाला आणि पुढची रांग खुर्चीत लोळली. कल्याणसुद्धा हसत होता. बिभीषणनं बराकाकडे पाहिलं. तोही हसत होता, अगदी त्या दिवशी हसला होता तसाच. मग बिभीषणनं माइक ठेवून दिला. दोघांनी हात मिळवले, फोटो निघाला आणि प्रकरण मिटलं.

परत जाताना तो फाटकाजवळ एसटीची वाट बघत उभा होता. बराका सायकल हातात धरून तिथं आला. समोरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला. मग बिभीषणनं विचारलं, "त्या दिवशी तुला खरंच हसू आलं हुतं का?"

बराकानं विचार केला. "पयला इनोद चांगला हुता. आई गोरं म्हनंल तो. दातांचा लई जुना हाय, दादा, समदीकडं त्योच ऐकतो. पन आख्खा मांडव हसतोय आन् मी एकटा न्हाई हसलो, तर मंग काय व्हईल? म्हनून हसलो."

"मंग मी आता बंद करू का असलं?"

"तुमी बंद केलं तर मला बी बंद करतील," बराका म्हणाला. "मला तर आत्ताच केलं. सर म्हनले, आता स्टेज न्हाई." तो हे कडवटपणे म्हणाला नाही. कोडं सुटत नसल्यासारखा म्हणाला. "तुमी बोला आन् मला बी बोलू द्या, आसं पायजे. पन तसं कुठं आस्तं, ते मला म्हाईत न्हाई."

"मला बी न्हाई," बिभीषण म्हणाला. त्याला अजून काही विचारायचं होतं, पण एसटी आली.

पुढच्या महिन्यात शेवगावला एक हळद होती. मुलीच्या वडिलांनी मुद्दाम बाजूला घेऊन सांगितलं की जावई सावळे आहेत, तुमचं ते काळ्या रंगाचं सगळं घ्या, पाहुण्यांना फार आवडतं. नवरदेव पाटावर बसला होता. बिभीषणनं माइक घेऊन त्याच्याकडे पाहिलं, आणि विनोद यायच्या आधीच तो हसायला लागला. ते हसू आमंत्रणाचं होतं की भीतीचं? बिभीषणनं पुष्कळ वेळ त्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याला ओळखता येईना. मग त्यानं रंगाचं नाव काढलं नाही. मामांना नाचवलं, करवल्यांना उखाणे घ्यायला लावले, कार्यक्रम बरा झाला.

सामान आवरत असताना नवरदेव हळदीच्या अंगानं त्याच्याकडे आला. त्याचा चेहरा पडला होता.

"अण्णा, समद्यांवर बोलला," तो हळूच म्हणाला. "माझ्यावर कायच न्हाई. माझं काय चुकलं का?"

बिभीषणनं माइकची वायर गुंडाळता गुंडाळता त्याच्याकडे पाहिलं. या वेळी तो हसत नव्हता.