श्वासाचा रकाना

आमच्या खातेप्रमुखांना संख्याशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही, हे त्यांना सोडून सगळ्या हॉस्पिटलला माहीत आहे. त्यांना खिशात मावेल असं एक कार्ड हवं होतं. न्यूमोनियाच्या पेशंटला किती धोका आहे ते त्यावरच्या गुणांची बेरीज करून कळावं आणि वर ठळक अक्षरांत त्यांचं नाव असावं. गुण बसवायचं काम अर्थात माझं.

सहा हजार जुने केसपेपर तपासले. वय, नाडी, रक्तदाब, भान, सगळ्यांना गुण बसले. श्वासाचा रकाना तेवढा बसेना. जवळजवळ सगळ्यांचे श्वास मिनिटाला अठरा! मेले त्यांचे अठरा, टुणटुणीत होऊन गेले त्यांचेही अठरा. वॉर्डातल्या सिस्टरला विचारलं.

"मॅडम, चाळीस पेशंट आणि मी एकटी. एकेकाच्या छातीकडे मिनिटभर बघत बसले तर इंजेक्शनं कोण देणार? अठरा लिहायचं आणि पुढे जायचं."

साहेबांना म्हटलं, श्वास नव्याने मोजून घेऊ, सहा महिने लागतील.

"परिषद पुढच्या महिन्यात आहे. ज्याने फरक पडत नाही ते काढून टाका."

मी काढलं. कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात माझंही नाव आलं आणि मला चक्क आनंद झाला. माझीच मला किळस येते आता.

वर्षभराने माझा दादा न्यूमोनिया होऊन त्याच वॉर्डात आला. केसपेपरवर श्वास अठरा. मी घड्याळ लावून मोजले, चौतीस. शेजारच्या खाटेवर एक सुतार धापा टाकत होता. त्याचे छत्तीस भरले.

साहेब आले, कार्ड काढलं. "दोघांचे दोन-दोन गुण. सिस्टर, भान तपासा, ठीक असेल तर सोडा घरी."

"सर, श्वास मोजा ना दोघांचे."

"कार्डात श्वास आहे कुठे? तुम्हीच तर काढलात!" स्वतःच्या विनोदावर हसत ते निघून गेले.

भान तपासायचं म्हणजे आजचा वार विचारायचा. चुकला की चार गुण, आणि सहा गुणांना अतिदक्षता विभाग. तिथे एकच खाट रिकामी होती, हे मी सकाळीच विचारून ठेवलं होतं.

"दादा, वार चुकीचा सांग."

"अगं, जन्मभर इतिहास शिकवला मी. चुकीच्या तारखेला पोरांना बाकावर उभं केलंय."

"माझ्यासाठी सांग."

सिस्टरने विचारलं तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "रविवार."

सुताराला मी काहीच सांगितलं नाही. तो धापांमधून, पण छाती काढून म्हणाला, "बुधवार!" बरोबर होतं ते. दुपारी तो घरी गेला.

दादा वाचला. साहेबांनी त्याची केस त्या वर्षीच्या परिषदेत दाखवली, कार्डाने अचूक हेरलेला पेशंट म्हणून. टाळ्या पडल्या, आणि त्यांत माझ्याही होत्या.

सुताराची बायको पाचव्या दिवशी मृत्यूच्या दाखल्याची चौकशी करत आली होती. तो घरी गेला, म्हणून आमच्या तक्त्यात तो 'बरा झाला' या रकान्यात आहे. तो रकाना मीच भरते.