शिंपल्याची वेल

गिटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींचा हात कामावर इतका बसला होता की गिऱ्हाइकाचं बोलणं ते अर्ध्या कानानंच ऐकत. लाकूड काय म्हणतंय ते कळलं की झालं. माणसं काय, बोलतच असतात, असं त्यांचं म्हणणं.

सत्तरीच्या एक काकू जुनी गिटार घेऊन आल्या. नवऱ्याची होती, त्याला जाऊन वर्ष झालं होतं. आता नातीला शिकायचं होतं. तिला देण्याआधी दांडीवरच्या पट्टीत, जिथं बोटांनी तारा दाबतात तिथं, शिंपल्याची वेल बसवून हवी होती.

"आमच्या खिडकीवर चढलीये तशी. यांनीच लावली होती." त्यांनी रुमालातून एक पान काढून दिलं.

"छान वाजवायचे का?"

"छे हो. तीनच कॉर्ड यायच्या. चाळीस वर्षं त्याच तीन. वरच्या मजल्यावरचे बिचारे घर बदलून गेले." काकू हसल्या. मग म्हणाल्या, "वेल तेवढी बसवा. बाकी आहे तसं राहू दे."

"निर्धास्त राहा," मिस्त्री म्हणाले. त्यांचं लक्ष पानाच्या शिरांकडे होतं.

तीन आठवडे त्यांनी जीव ओतून काम केलं. पट्टीवरच्या धातूच्या आडव्या फ्रेट उपटून काढल्या. केसासारख्या पात्याच्या करवतीनं शिंपल्याची सतरा पानं कापली. प्रत्येक पान पट्टीवर ठेवून भोवती सुईनं रेघ मारली आणि तेवढंच लाकूड कोरून काढलं. पानं चिकटवताना डिंकात लाकडाचा भुसा कालवला, म्हणजे सांधा दिसायला नको. मग सगळं एका पातळीत आणायला पॉलिशपेपर घेतला.

तेव्हा त्यांना दिसलं, की सुरुवातीच्या दोन-तीन घरांत, म्हणजे फ्रेटमधल्या जागांत, लाकूड झिजून खळगे पडलेत. बोटाचं टोक बसेल एवढे. मिस्त्रींना असलं काही बघवायचं नाही. काम करायचं तर नीट, म्हणून त्यांनी पट्टी शेवटपर्यंत घासून आरशासारखी सपाट केली आणि वर नव्या फ्रेट ठोकल्या. जेवायला बोलवायला आलेल्या बायकोला कौतुकानं दाखवलीही.

काकू आल्या. वेल पाहून त्यांचे डोळे भरून आले. "हुबेहूब," त्या म्हणाल्या. मग त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली आणि तीन बोटं सुरुवातीच्या घरांत ठेवली. बोटं जरा सरकवली. पुन्हा ठेवली. काहीतरी हरवलेलं अंधारात चाचपडावं तशी.

"इथं खड्डे होते," त्या हळूच म्हणाल्या.

"होते ना. झिजली होती पट्टी. काढून टाकले मी."

काकूंनी नुसती मान हलवली. बोटं मात्र तिथंच राहिली. मिस्त्रींच्या डोक्यात प्रकाश पडला तो तेव्हा.

"काकू, मला वाटलं..."

"तुमची काय चूक. रोज संध्याकाळी मी त्यात बोटं ठेवून बसायचे, हे तुम्हाला कसं कळणार?"

"तुम्ही सांगितलं होतंत. आहे तसं राहू दे म्हणून."

"हो," काकू म्हणाल्या. "सांगितलं होतं खरं."

मिस्त्रींनी जुन्या फ्रेटसाठी भंगाराचा डबा उपसला. निदान त्यावर तरी बोटांच्या खुणा असतील. पण डबा सोमवारीच रिकामा झाला होता. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. काकूंनी मात्र आभार मानले आणि गिटार उराशी धरून पायऱ्या उतरल्या.

तेव्हापासून मिस्त्री प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारतात, "कशाला हात लावायचा नाही, ते सांगा." बायको म्हणते, "उशिरा का होईना, अक्कल आली."

सहा-सात महिन्यांनी नात तारा बदलायला आली. पाच-सहा कॉर्ड जमायला लागल्या होत्या तिला.

"आजी बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे. आजोबा बोटं कुठं ठेवायचे ते मला दाखवते. पण हल्ली दर वेळी वेगळीच जागा दाखवते."

मिस्त्रींनी मान खाली घालून एकेक तार चढवली.