दुखणे मोजणारे मापटे

मी एक जुने पितळी मापटे आहे. मित्रांनो, माझ्यात अर्धा शेर धान्य मावते. निजामाच्या राजवटीच्या अखेरच्या वर्षांत मी नांदेडजवळच्या लोहा गावातल्या श्रीपाद डॉक्टरांच्या घरी ज्वारी मोजत असे. त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई मला चिंचेने घासून लखलखीत ठेवत. पालथे मात्र कधीच ठेवत नसत, कारण माप पालथे पडणे त्यांना अशुभ वाटे. एवढ्या लाडाने मी जरा चढूनच गेले होते.

एके दिवशी डॉक्टरांनी मला उचलून थेट दवाखान्याच्या टेबलावर ठेवले, शेजारी ज्वारीची टोपली ठेवली. किती दुखते असे विचारले की रोगी एक तर "लई" म्हणत, नाहीतर "काय न्हाई". या उत्तरांना डॉक्टर वैतागले होते. "दुखतं तेवढी ज्वारी यात घाला," असे ते आता सांगू लागले.

मला मोठी गंमत वाटे. दगडोबा पैलवानाने तर बोटातल्या काट्यासाठी मला काठोकाठ भरून वर शीग लावली! घडताना मी हातोडीचे घाव खाल्ले, पण मला दुखले नाही. मग हे दुखणे असते तरी केवढे, याचे मला भारी कुतूहल.

एका सकाळी शेषेराव नावाचे शेतकरी पत्नीला, तुळजाबाईला, घेऊन आले. ती पोट धरून भिंतीला टेकली.

"डाक्तरसाब, परवापासून जरासं पोट दुखून राहिलंय हिचं. पुडी द्या. काढणी चालू हाय."

डॉक्टरांनी मला तिच्यापुढे सरकवले. तिने एकच मूठ ज्वारी टाकली.

"बघा, म्हनलं न्हवतं?" शेषेराव म्हणाले.

डॉक्टर पुडी बांधू लागले आणि मध्येच थांबले. त्यांना दगडोबाची शीग आठवली असावी.

"तुळजाबाई, लेकरं किती?"

"तीन."

"बाळंतपणात किती दुखलं होतं? हवी तर घाला, हवी तर काढा, पण तेवढीच ज्वारी यात राहू द्या."

तिने माझ्यात हात घातला आणि निम्मी ज्वारी काढून घेतली. बाळंतपण निम्म्या मुठीचे, आणि आताचे दुखणे अख्ख्या मुठीचे!

शेषेराव तिच्याकडे वळले. "अगं, मग बोलली का न्हाईस?"

"कामाचे दिस हायेत म्हून..."

पुडी तशीच राहिली. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, शेषेरावांनी लगेच गाडी जुंपली. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात तिच्या पोटाचे ऑपरेशन झाले. आणखी एक दिवस गेला असता तर ती वाचली नसती, असे तिथून कळले.

दोन महिन्यांनी ती दवाखान्यात आली. "आता किती दुखतं?" डॉक्टरांनी विचारले. तिने हसत मला उचलले आणि टेबलावर चक्क पालथे घातले. प्रेमलाबाई दारातून बघत होत्या, पण रागावल्या नाहीत. मला तर इतका आनंद कधी झाला नव्हता.

पुढे लिटरची मापे आली आणि मी माळ्यावर गेले. आता मला कुणी घासत नाही, याचे वाईट वाटते. पण मित्रांनो, माझी विनंती दुसरीच आहे. घरात कुणी "जरासंच दुखतंय" म्हणाले, तर लगेच कामाला लागू नका. जवळ बसा आणि त्यांची मूठ केवढी आहे, ते आधी विचारा.