लग्नातला फोटोग्राफर

आमच्या कन्सल्टिंग फर्मचा एक नियम आहे. जिथं आपलं माणूस आहे, तिथली मुलाखत आपण घ्यायची नाही. त्यामुळे साखर कारखान्याच्या कामात निरवांगीच्या सभासदांना भेटायला माझ्याऐवजी माझ्या हाताखालचा पुष्कर गेला. त्या सभासदांत माझे वडील होते, आप्पा. त्यानंतर थोड्याच दिवसांत आप्पा गेले.

काल बारामतीत संचालकांपुढं आमचं सादरीकरण होतं. पुष्कर बोलत होता, संचालक मोबाइल बघत होते. तो मध्येच थांबला. उजव्या भुवईवरून अंगठा फिरवून म्हणाला, "एक सभासद मला म्हणाले, सल्लागार म्हंजी लग्नातला फोटोग्राफर. नवरदेवालाच म्हणतो, जरा बाजूला सरा!"

सगळे खदखदून हसले. मला हसू आलं नाही. भुवईवरून अंगठा, क्षणभर गप्प, मग वाक्य. ही आप्पांची रीत. चावडीवरची, मित्रांतली. मला फोनवर मिळायचं ते, "जेवलीस का? हं, आईला देतो."

नंतर तो मला गाडीतून निरवांगीला सोडायला निघाला. वालचंदनगरच्या अलीकडे चहाला थांबलो.

"आप्पांकडे किती वेळ होतास?"

"पाऊण तास ठरला होता. पण सोडेनातच. स्वतः ऊस सोलून दिला, संध्याकाळ झाली."

कोथरूडचा हा मुलगा. माझ्या बापानं त्याला ऊस सोलून दिला.

"काय काय बोलले?"

"मॅडम, मुलाखतीतलं बाहेर सांगायचं नाही, तुम्हीच..."

"नियम मला शिकवू नकोस."

तो ओशाळला. "त्यांनीही बजावलं होतं. 'आमच्या दीप्तीला सांगू नगा. बाप आपल्या धंद्याला हसतो म्हनून फुगून बसंल.'"

आमच्या दीप्तीला. तेही यालाच ऐकायला मिळालं. आप्पा गेल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण ते किती चांगले होते, तेच सांगत होता. त्यांचं न ऐकलेलं वाक्य कुणी आणलं नव्हतं. याच्याकडे अख्खी दुपार होती.

"अजून एक किस्सा आहे," तो चाचरत म्हणाला. "तुमच्यावरच. रागवाल."

"सांग."

त्यानं ग्लास खाली ठेवला. अंगठा उजव्या भुवईकडे गेला.

"डावी," मी म्हणाले. "तू समोर बसला होतास, म्हणून तुला उजवी वाटली. आप्पा डाव्या भुवईवरून फिरवायचे."

त्यानं हात बदलला.